व्हायलचा गुरुवार

१

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. जुळे सोलापुरातल्या एका बैठ्या घराचं कुलूप फोडलं गेलं. घरात कोणी नव्हतं.

भांडी घासून पालथी घातलेली होती. गॅस बंद. फ्रीजचं बटण बंद करून दार उघडं ठेवलेलं. फरशीवर एकसारखी धूळ होती आणि त्या धुळीवर पाऊल नव्हतं.

घर गोजाबाई मेटकरी यांचं. वय चौसष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. कुलूप फोडायला लावलं ते त्यांच्या मुलीनं, रुपालीनं. ती बेंगळुरूहून एका लग्नाला आली होती आणि न कळवता आईच्या दारात उतरली होती. तिच्या मोबाइलवर दोनच दिवसांपूर्वीचा, रविवारचा व्हिडिओ होता. निळी साडी नेसलेली आई याच स्वयंपाकघरात, याच ओट्यापाशी उभी राहून सांगत होती, "मी बरी आहे. घरीच असते. तू काळजी करू नकोस."

रुपालीनं ओट्यावरून बोट ओढलं. धुळीत लांब रेघ उमटली.

२

त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता डफरीन चौकाजवळच्या एका क्लिनिकमध्ये उपनिरीक्षक रत्नदीप शिवशरण आला. तीस-बत्तीसचा, अंगानं किडकिडीत, बोलण्यात घाई. समोर सिस्टर शुभदा तळभंडारे बसली होती. बावन्न वर्षांची, या क्लिनिकमध्ये एकोणीस वर्षं. मुलगा पुण्याला. घरी गेल्यावर बोलायला रेडिओ.

"सिस्टर, हे कार्ड तुमच्याकडचं का?"

कार्डावर शुभदाच्याच अक्षरात लिहिलं होतं : पुढची तारीख, गुरुवार, ११ डिसेंबर.

"गोजाबाईंचं आहे. काय झालं त्यांना?"

"तेच शोधतोय. ११ डिसेंबरला आल्या होत्या?"

"नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

प्रश्न साधा होता, चौकशीच्या ओघात आलेला. शुभदानं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"फोन लावला. बंद होता. मग त्यांचा वाटा दुसऱ्या पेशंटला दिला."

"वाटा?"

तिनं समजावून सांगितलं. गोजाबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू आपोआप आखडायची. डोळा मिटायचा, तोंडाचा कोपरा कानाकडे ओढला जायचा. अनोळखी माणसाला वाटायचं, बाई डोळा मारतेय. एकदा भाजी मंडईत एका बाईनं त्यांना नवऱ्यादेखत चार शब्द सुनावले होते. या दुखण्यावर बोटुलिनमचं, म्हणजे बोटॉक्सचं, इंजेक्शन देतात. आखडणारा स्नायू सैल पडतो. कायमचा नाही, काही आठवड्यांपुरता. मग पुन्हा सुई.

हे औषध व्हायलमध्ये, छोट्या काचेच्या बाटलीत, कोरडं येतं. सलाईन घालून एकदा विरघळवलं की चोवीस तासांत संपवायचं. एका माणसाला सगळं लागत नाही आणि उरलेलं फेकणं कुणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून डॉक्टरबाई दर तेरा आठवड्यांनी एक गुरुवार ठरवायच्या. दोघंतिघं पेशंट एकाच दिवशी यायचे, एकच व्हायल वाटून घ्यायचे. क्लिनिकमध्ये त्याला व्हायलचा गुरुवार म्हणत. सात रस्त्याकडच्या पार्लरवाल्या मॅडम कपाळासाठी येत. यंत्रमाग कारखान्यातले एक मास्तर झोपेत दात खात, ते जबड्यासाठी. आणि गोजाबाई. तीन वर्षं हे लोक एका बाकावर बसत होते. एकमेकांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. मॅडम मास्तरांना "काय जबडेसाहेब" म्हणायच्या आणि गोजाबाई पदराआड हसायच्या.

रत्नदीपनं मान हलवली. "११ डिसेंबरला आल्या नाहीत, कारण तेव्हा त्या नव्हत्याच. आमचा अंदाज ऑक्टोबरअखेरचा आहे. तीस तारखेपासून गल्लीत कुणी त्यांना बघितलं नाही. दूधही त्याच दिवशी बंद झालं. आणि एकतीसला त्यांचा पुतण्या धनाजी मोठी पिशवी घेऊन घरातून बाहेर पडताना दिसलाय. चावी त्याच्याकडे. आज त्याला ठाण्यावर आणून बसवलंय."

"मग मुलीकडचे व्हिडिओ?"

"दमदाटी करून आधीच घेतले असतील. दर रविवारी एक सोडायचा. मुलगी बेंगळुरूत, तिला काय कळतंय?" त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. "सगळे यात आहेत. तुम्ही चेहरा ओळखता म्हणून विचारतो. बाई त्याच ना?"

३

पहिला व्हिडिओ अर्धा होताच शुभदा म्हणाली, "आवाज बंद करा."

"का?"

"बोलणं ऐकलं की चेहरा दिसत नाही."

तिनं खणातून दोनशे पानी वही काढली. वही क्लिनिकची नव्हती, तिची स्वतःची होती. कुणाचं इंजेक्शन कुठे दिलं आणि ते कधी उतरलं, याची टाचणं त्यात होती. पुढचा गुरुवार ठरवायचा तर हे कळावं लागे, कारण औषध एकच असलं तरी ते सगळीकडे सारखं टिकत नाही. ओठाजवळ सर्वांत कमी, कारण तिथे डोस थेंबभर. कपाळ साडेतीन-चार महिने. जबड्याचा स्नायू दांडगा, मास्तरांना पाच महिने पुरायचं, म्हणून ते एक गुरुवार सोडून येत. बगलेतल्या घामासाठी येणाऱ्यांना सहा-सात महिने पुरे, पण त्यांची व्हायल वेगळी. आणि माणसामाणसात फरक पडे तो वेगळाच.

गोजाबाईंच्या पानावर बारा खेपांच्या नोंदी होत्या. तोंडाचा कोपरा : सात आठवडे. डोळा : बारा. अकरा झाले की पापणी फडफडायला लागते.

"शेवटची सुई ११ सप्टेंबरला," शुभदा म्हणाली. "आता बघा. हा ५ ऑक्टोबरचा. डावा कोपरा जरा सैल आहे, बोलताना मागे राहतो. म्हणजे औषध पुरतं काम करतंय. २६ ऑक्टोबर, तसंच. हा २ नोव्हेंबरचा. 'बरी' म्हणताना कोपरा उडाला, दिसलं?"

"पुन्हा दाखवा."

"उडाला बघा. तोंडाचं औषध उतरलं. सात आठवडे तीस ऑक्टोबरला भरतात. ९ तारखेला जास्त ओढतोय, १६ ला आणखी, २३ ला त्याहून. डोळा मात्र शांत."

रत्नदीप खुर्ची ओढून जवळ बसला. २ नोव्हेंबरचा व्हिडिओ खरा असेल, तर ऑक्टोबरचा त्याचा हिशेब तिथेच कोसळत होता.

"आता ३० नोव्हेंबरपासूनचे," शुभदा म्हणाली.

ते अकरा होते. हिरवी साडी, जांभळी साडी, चौकड्याची, निळी. एकीत गोजाबाई सांगत होत्या की थंडी पडलीय, दुसरीत की आता ऊन वाढेल. शुभदानं ते अकराही बघितले, मग उलट्या क्रमानं पुन्हा बघितले. वही मिटली.

"हे एका दिवसाचे आहेत."

"कशावरून? साड्या तर..."

"साडी बदलता येते, साहेब. बोलणंही बदलता येतं. औषध कधी उतरायचं, ते कुणाच्या हातात नसतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर हा डोळा मिटायला लागायला हवा होता. संक्रांतीपर्यंत घट्ट. इथे ८ फेब्रुवारीलाही उघडा आहे."

"दुसरीकडे इंजेक्शन घेतलं असेल."

"मग तोंड शांत झालं असतं."

"फक्त डोळ्याला घेतलं असेल तर?"

प्रश्न चांगला होता. शुभदानं तो मनात दोनदा फिरवला. "तर तोंड आठवड्यागणिक बिघडत गेलं असतं. नोव्हेंबरात कसं बिघडत गेलं ते तुम्ही बघितलंत. पुढे मात्र दहा आठवडे ते तसूभर हललेलं नाही. बिघाड नाही, सुधारणा नाही. आणि चौकड्याच्या साडीत पापणी एकदाच फडफडली. अकरावा आठवडा. नोव्हेंबरच्या शेवटच्या चारपाच दिवसांची गोष्ट आहे ही. तोवर गोजाबाई त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या, एकट्या, आणि एकामागून एक साड्या बदलत होत्या."

रत्नदीपनं विचारलं, "एकट्या, हे कशावरून?"

"प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी त्या पुढे वाकून मोबाइल बंद करतात. धरायला कोणी असतं तर वाकल्या नसत्या."

४

धनाजी ठाण्याच्या बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. श्रीपूरच्या साखर कारखान्यात हंगामी नोकर, मळीनं काळवंडलेली नखं, डोळ्यांत झोप. शुभदाला रत्नदीप सोबत घेऊन आला होता.

"पुन्हा सांग," रत्नदीप म्हणाला. "एकतीसला पिशवीत काय होतं?"

"किती येळा सांगू, सायेब? कडक भाकरी आन् शेंगाची चटणी. काकूनं करून दिलती. एक तारखेला सीझन चालू झाला. तवापास्नं कॉटरवर हाय मी. गेटाबाहेर पाय टाकाय मिळत न्हाय. हजेरीचा अंगठा हाय की मशिनीत, बघा जावा."

ते बघून झालं होतं. नोव्हेंबरात एकही खाडा नव्हता.

"दूध कुणी बंद केलं?"

"मीच सांगितलं दूधवाल्याला."

रत्नदीप उठून उभा राहिला. "हे सकाळी का नाही बोललास?"

"तुमी इचारलं, काकूला कुटं टाकलंस. दुधाचं कोण इचारतंय?"

शुभदा मधे पडली. "का बंद करायला सांगितलं त्यांनी, धनाजी?"

तो तिच्याकडे वळला. आवाज खाली आला. "तोंड फिरलं, म्हणली. दरखेपी आसंच हाय, बाई. सुई मारून दोन म्हैने झालं की तोंड फिरतंय, मग डोळा. तेवढा म्हैना-दीड म्हैना काकू दार उघडत न्हाय. दूधवाला दारात येतो, त्येच्यासंगं बोलाय लागतं. म्हनून दूध बंद. कोरा च्या पिती. पुन्यांदा सुई बसली की चालू."

"आणि तू मग परत गेलास का त्यांच्याकडे?"

"सीझन हाय की." तो नखांतली मळी खरवडू लागला. "न्हाय गेलो."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर रत्नदीप म्हणाला, "म्हणजे ऑक्टोबरअखेरीस ती नाहीशी झालीच नाही. घरात होती आणि कुणाला दिसली नाही."

"हो."

"अख्खी गल्ली सांगत होती, बाई नाही म्हणून."

तीन वर्षं शुभदा सात आणि बारा हे आकडे वहीत लिहीत आली होती. त्या दोहोंच्या मधल्या पाच आठवड्यांत ती बाई काय करत असेल, हे तिनं कधी मोजलं नव्हतं.

संध्याकाळी धनाजीला सोडलं. त्याच वेळी रत्नदीपच्या हाती दुसरी माहिती आली. गोजाबाईंचा मोबाइल दर रविवारी सकाळी चालू होत होता आणि संध्याकाळी बंद. आणि तो चालू होत होता त्यांच्याच गल्लीत.

५

भिंतीला भिंत लागून असलेलं घर बसलिंगप्पा मास्तरांचं. अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेतून निवृत्त झालेले, वय शहात्तर, एकटे. बुधवारी सकाळी रत्नदीप आणि शुभदा त्यांच्याकडे गेले. रुपालीही मागोमाग आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

मास्तरांनी खुर्च्या पुसून दिल्या. "पोलिसाला सांगितलो की काल. बाईला बघून महिने झाले."

"किती महिने, मास्तर?" रत्नदीपनं विचारलं.

"दोन होऊन गेले."

"काल तुम्ही नुसतंच महिने झाले म्हणालात. गल्लीतले बाकीचे साडेतीन सांगतात."

मास्तर चष्मा पुसू लागले. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला.

शुभदा खोली बघत होती. लोखंडी कॉट, घडी केलेली एकच चादर, फडताळात एकच ताट. मास्तरांच्या शर्टाच्या खिशात बटणांचा जुना फोन होता, चारही कोपरे झिजलेला. त्याचा गोल पिनेचा चार्जर खिडकीत पडला होता. आणि कॉटच्या उशाशी, भिंतीतल्या प्लगला दुसरा चार्जर लटकत होता. पांढरा, चपट्या पिनेचा.

"मास्तर," ती म्हणाली, "ही वायर कुणाची?"

मास्तरांनी वायरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हौदु, होय," ते हळूच म्हणाले, जणू कुणीतरी बऱ्याच वेळानं बरोबर उत्तर दिलं होतं. ते उठले, आत गेले आणि स्टीलचा गोल डबा घेऊन आले. आत धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला मोबाइल होता.

उंबऱ्यावरून रुपालीचा आवाज आला. "आईचाय."

"नोव्हेंबरची तीस तारीख," मास्तर म्हणाले. "रविवार. पहाटे बाईनं दार वाजवलं. पदर असा चेहऱ्यावर. म्हणाल्या, मास्तर, यात वीस व्हिडिओ आहेत. दर रविवारी सकाळी फोन चालू करायचा, एक पाठवायचा, संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचा. पाठवायचं कसं ते शिकवलं मला. चार वेळा शिकवलं."

"आणि कुणाला सांगायचं नाही?"

"तसं नाही. उलटं." मास्तरांनी डबा मांडीवर घेतला. "म्हणाल्या, फोन वाजला तर उचला. जो कोण असेल त्याला खरं सांगा, मी कुठे गेले ते. व्हिडिओ बघून कोणी मागे फोन केला तर. तेवढंच."

बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं, बादली भरत होती.

"अकरा रविवार झाले," मास्तर म्हणाले. "मी फोन समोर ठेवून बसतो. दहापर्यंत आंघोळीलापण जात नाही. पोरीचा अंगठा येतो. छान, असा. अकरा अंगठे आले. फोन नाही वाजला."

रुपाली उंबऱ्यावरच खाली बसली. "मीच म्हटलं होतं व्हिडिओ पाठव म्हणून," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "व्हिडिओ कॉलवर बोलताना तिचं तोंड ओढलं जायचं, ती कॅमेऱ्यावर हात ठेवायची. लाज वाटायची तिला. मला वाटलं, व्हिडिओ असला तर चेहरा शांत असेल तेव्हा घेईल. तिला बरं पडेल." तिनं उंबऱ्यावरून बोट ओढलं. "मला वाटलं, तिला बरं पडेल."

रत्नदीप मास्तरांवर उखडला. "काल आम्ही दारात होतो तेव्हा बोलायला काय झालं होतं? एक माणूस आत बसवला होता आम्ही!"

"ते मला आत्ता कळतंय, साहेब. तुम्ही कुलूप फोडलात. मग विचारलात, बाईला शेवटचं कोणाबरोबर बघितलात? कोणाबरोबरच नाही बघितलो. खरं सांगितलो." मास्तरांचा हात डब्यावर होता. "बाई कशी आहे, हे नाही विचारलात कोणी."

शुभदानं विचारलं. "कुठे आहेत त्या, मास्तर?"

"भावाकडे. बिरुदेव. तो मेंढरं घेऊन फिरतो, मंगळवेढ्याकडे, सांगोल्याकडे. लहानपणी या बाईपण मेंढरं राखायच्या. म्हणाल्या, मास्तर, मेंढरं तोंडाकडे बघत नाहीत."

"परत कधी येणार म्हणाल्या?"

"डोळा मिटला की," मास्तर म्हणाले. "सुईला यावंच लागतं, म्हणाल्या."

शुभदाला वही उघडावी लागली नाही. डोळ्याचे बारा आठवडे ४ डिसेंबरला संपले होते. आज ११ फेब्रुवारी होती.

६

बिरुदेवचा तळ सापडायला सहा दिवस लागले. १७ फेब्रुवारीला मंगळवेढ्याच्या पुढे एका नांगरलेल्या रानात रत्नदीपनं त्याला गाठलं आणि तिथूनच शुभदाला फोन जोडून दिला. मागे मेंढरांचा कालवा चालला होता, म्हणून बिरुदेव ओरडून बोलत होता.

"व्हय, आक्का हुती की! म्हैनाभर हुती. लई खूस हुती. कोकरं तिच्या मागनं पळायची."

"डोळा?"

"डोळा पार मिटला. आमी म्हटलं, सोलापूरला जा. तर म्हणती, मेंढरं एका डोळ्यानंबी तेवढीच दिसत्यात. मग एक दिवस बांधाच्या ताली​वरनं पडली. खांद्याला मार बसला. तवा म्हणली, जाते. सा जानेवारीला मीच यष्टीत बसीवली. मंगळवेढ्याच्या स्टँडवर."

"सोलापूरच्या एसटीत?"

पलीकडे फक्त मेंढरं ऐकू आली. "पाटी मला वाचाय येत न्हाय, बाई. तिला येती. ती चढली, मी खालनं हात केला."

मंगळवेढ्याच्या स्टँडवरून सोलापूरला एसटी जाते तशी विजयपूरलाही जाते. रत्नदीपनं दोन्हीकडे विचारणा केली. सोलापुरातल्या कोणत्याही दवाखान्यात गोजाबाई आलेल्या नव्हत्या. विजयपूरच्या एका खासगी दवाखान्यातून २६ फेब्रुवारीला उत्तर आलं. शुक्रवार, ९ जानेवारी. साठ-पासष्टची मराठी बोलणारी बाई. नाव सांगितलं गुरम्मा. चेहऱ्याची डावी बाजू आखडलेली. डोळ्याभोवती बोटुलिनम दिलं. तोंडाच्या कोपऱ्यालाही देऊ केलं होतं. पेशंटनं नको म्हटलं. पत्ता नाही, फोन नाही.

"त्याच आहेत का, सिस्टर?" रत्नदीपनं विचारलं.

"सांगता येत नाही. हे दुखणं अनेकांना असतं."

"पण तोंडाला नको का म्हणाली असेल?"

शुभदाला वाटलं, त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. पण वाटणं वहीत लिहिता येत नाही. तिनं एवढंच लिहिलं : डोळा, ९ जानेवारी. आणि बोटांवर आठवडे मोजले. बारा आठवडे ३ एप्रिलला भरत होते.

पुढचा व्हायलचा गुरुवार १२ मार्चला ठरलेला होता. त्या दिवशी ती बाई येण्याचं कारण नव्हतं, तिचा डोळा तेव्हा उघडाच असणार. त्यानंतरचा गुरुवार जूनमध्ये. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शुभदानं डॉक्टरबाईंकडे तारीख बदलून मागितली : २ एप्रिल. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशंट तयार असतील तर हरकत नाही.

मॅडमनी फोनवरच कपाळाला आठ्या घातल्या असाव्यात. "अहो सिस्टर, अठ्ठावीसला भाचीचं लग्न आहे! माझं कपाळ तोवर परत रेघारेघांचं होईल. कुणासाठी एवढं?"

"डोळावाल्या बाई. तुमच्या शेजारी बसायच्या."

"त्या? पदराआड हसायच्या त्या? बरं. मोठी टिकली लावते."

यंत्रमागवाल्या मास्तरांचा जबडा तर फेब्रुवारीतच सुटला होता. आणखी तीन आठवडे त्यांना झोपेत दात खात काढावे लागणार होते. शुभदानं तसं सांगितलं. "खाईन की," ते म्हणाले. "घरात ऐकायला कोण आहे?"

मार्चमध्ये आणखी एक बदल झाला. मोबाइल पोलिसांनी पंचनामा करून बसलिंगप्पांकडेच परत ठेवला. उरलेले नऊ व्हिडिओ त्यांनी पाठवले नाहीत, पण दर रविवारी फोन चालू करून ते समोर ठेवून बसतात. आता तो वाजतो. बेंगळुरूहून रुपाली विचारते, आईचं काही कळलं का? काही कळलेलं नसतं. मग ती विचारते, मास्तर, तुम्ही जेवलात का?

गुरुवार, २ एप्रिल. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी व्हायल विरघळवली. मॅडमचं कपाळ झालं, मास्तरांचा जबडा झाला. तिसरा वाटा शुभदानं सिरिंजमध्ये भरला, वर चिठ्ठी चिकटवली आणि फ्रीजमध्ये ठेवला. चिठ्ठीवर नाव लिहिलं नाही. 'डोळा' लिहिलं. मग थोडा विचार करून खाली लिहिलं : 'तोंड नको.'

इंजेक्शन झाल्यावर दोघं घरी गेले नाहीत. बाकावर डावीकडची जागा सोडून बसून राहिले. चार वाजता मॅडमनी चहा मागवला. तीन कप आले. एक तसाच निवला. सातला क्लिनिक बंद झालं.

"उद्या अकरा दहाला टाकून दे," डॉक्टरबाई जाताना म्हणाल्या.

शुक्रवार, ३ एप्रिल. सकाळी दहा वाजून एकतीस मिनिटांनी क्लिनिकचा फोन वाजला. शुभदा एका म्हाताऱ्याच्या दंडावर पट्टा बांधून त्याचं बीपी बघत होती. तीन वेळा वाजला आणि थांबला. तिनं पट्टा सोडून नंबर बघितला. अनोळखी होता. उलट फोन लावला.

"हॅलो, कोण? चहाची टपरी हाय ही, यष्टी स्टँडची."

"आत्ता या नंबरवरून कुणी फोन केला?"

"एक बाई हुती. फोन द्या म्हणली, दिला. वाजीवला, ठेवला. गेली."

"कशी होती? पदर होता चेहऱ्यावर?"

"पदर न्हवता. तोंड उघडंच हुतं. हसली माझ्याकडं बघून, का तोंडच तसं हुतं, काय कळलं न्हाय."

"डावा डोळा? डावा डोळा मिटलेला होता का?"

"आता मी कशाला बाईमाणसाचा डोळा बघत बसू?"

"कुठल्या बाजूला गेली?"

"गर्दी हाय हितं, बाई."

शुभदानं रत्नदीपला कळवलं. तो स्टँडकडे निघाला आहे. स्टँडपासून क्लिनिकपर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रिक्षानं आठ.

हे लिहिताना दहा वाजून बावन्न मिनिटं झाली आहेत. सिरिंज फ्रीजमध्ये आहे. बाकावर कोणी नाही. शुभदानं दार आज लोटलेलं नाही.